टाळ्या वाजवा, पण हिशेबही मागा

जुना खेळाडू गेला की आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतो. वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये त्याचा कुठूनतरी शोधून काढलेला फोटो आणि खाली शोकाकुल मंडळींच्या चेहऱ्यांची दाटी. क्लबवर शोकसभा होते. सगळे दोन मिनिटं उभे राहतात, न भरून येणाऱ्या पोकळीचा उल्लेख होतो आणि आठवड्याभरात फ्लेक्स उतरतो. माणूस कशानं गेला, शेवटची वर्षं त्यानं कशी काढली, औषधपाण्याचं कोण बघत होतं, हे त्या सभेत कुणी विचारत नाही. एखाद्यानं विचारलंच तर त्याला गप्प बसवलं जातं: ही वेळ आहे का?

मी म्हणतो, हीच वेळ आहे. गेलेल्या खेळाडूवर चाहत्यांचं प्रेम किती खरं, हे त्याच्या माघारी ते काय विचारतात यावरून ठरतं. इंग्लंडमधल्या एका क्लबच्या चाहत्यांनी असं विचारून दाखवलं, वर्षानुवर्षं विचारत राहिले आणि त्यातून फुटबॉलचे नियम हलले. त्यांची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक तालमीत, प्रत्येक क्लबात सांगितली गेली पाहिजे.

क्लबचं नाव वेस्ट ब्रॉमिच अल्बियन. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यातला. खेळाडू जेफ ॲस्टल. नॉटिंगहॅमशरमधल्या ईस्टवूड या कोळसा खाणींच्या गावात 1942 साली जन्मलेला. नॉट्स काउंटीत असताना त्याला टॉमी लॉटनसारखा गुरू लाभला, आणि लॉटन म्हणजे डोक्यानं गोल मारण्यातला त्या पिढीचा उस्ताद. 1964 साली अल्बियननं ॲस्टलला पंचवीस हजार पौंडांना घेतलं. पुढच्या दहा वर्षांत 361 सामने, 174 गोल. 1968 च्या एफए कपात तो प्रत्येक फेरीत गोल मारत वेम्बलीपर्यंत गेला. अंतिम सामना एव्हर्टनशी. नव्वद मिनिटं कोरी गेली. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला त्यानं उजव्या पायानं मारलेला फटका बचावपटूंच्या गर्दीत अडला, चेंडू परत त्याच्याकडेच आला आणि त्यानं तो डाव्या पायानं जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात घातला. एक-शून्य. त्या दिवसापासून अल्बियनवाल्यांसाठी तो राजा. त्याचं राजेपण जाहीर करणारी ओळ नेदरटनमधल्या एका पुलावर कुणीतरी रंगवली आणि लोक त्या पुलाला ॲस्टलचाच पूल म्हणू लागले.

राजा म्हणावं असं त्याचं राहणं मात्र कधीच नव्हतं. त्या काळच्या फुटबॉलपटूला निवृत्तीनंतर पोटासाठी काहीतरी धंदा करावाच लागे. ॲस्टलनं खिडक्या धुण्याचा केला. गाडीवर लिहून घेतलं होतं की जेफ ॲस्टल कोपरा कधी चुकवत नाही. ज्याच्या गोलांसाठी माणसं गळा फाटेस्तोवर ओरडली, तोच शिडी आणि बादली घेऊन त्यांच्या काचा पुसायला यायचा. नव्वदच्या दशकात टीव्हीवरच्या एका विनोदी फुटबॉल कार्यक्रमात तो शेवटी गाणं म्हणायचा, त्यामुळे त्याला खेळताना न पाहिलेली पोरंही त्याला ओळखू लागली. आपला माणूस म्हणतात तो असा.

मग तो विसरायला लागला. पन्नाशी उलटून फार दिवस झाले नव्हते. आधी छोट्या गोष्टी गेल्या, मग माणसं, शेवटी स्वतःचा खेळही. ज्या गोलामुळे गावानं त्याला राजा केलं, तो गोल आपण मारला हेही त्याला आठवेना. 19 जानेवारी 2002 रोजी मुलीच्या घरी घशात घास अडकून तो गेला. वय फक्त 59.

दुसऱ्याच दिवशी अल्बियनचा सामना होता. मैदानाबाहेर फुलं, मफलर, जर्सी यांचा ढीग लागला. गोल मारल्यावर जेसन रॉबर्ट्सनं जर्सी वर केली, तर आतल्या टी-शर्टवर ॲस्टलचा चेहरा. पुढच्या वर्षी हॉथॉर्न्स मैदानाला त्याच्या नावाचं लोखंडी फाटक बसलं. इथवर सगळं कुठल्याही चांगल्या क्लबात होतं तसंच झालं आणि तेही व्हायलाच हवं. माणूस गेल्यावर फुलंही न वाहणाऱ्या क्लबाबद्दल बोलण्यात अर्थच नाही.

पण ॲस्टलच्या मरणाचा एक कागद झाला होता. नोव्हेंबर 2002 मध्ये कॉरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, निकाल दिला की हा मृत्यू कामामुळे जडलेल्या आजारानं झाला. चेंडूला वारंवार डोकं लावून मेंदूला इजा होत गेली आणि त्यातून हे दुखणं उद्भवलं. त्याच्या गावच्या खाणीत कोळशाची धूळ फुप्फुसात जाऊन माणूस मेला, तर त्याच्या कागदावर जे लिहिलं जातं, ते एका सेंटर फॉरवर्डच्या कागदावर लिहिलं गेलं. धंद्यानं माणूस मारला, असं सरकारी शिक्क्यानिशी सांगितलं गेलं.

असा निकाल आला तर त्या धंद्याच्या मालकांनी काय करायला हवं? तपासायला हवं की आणखी किती जण या वाटेवर आहेत. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना यांनी दहा वर्षांच्या अभ्यासाचा शब्द दिला होता. त्यासाठी उमेदीची तरुण पोरं निवडली गेली. त्यातली बरीचशी पुढे व्यावसायिक खेळाडू झालीच नाहीत आणि अभ्यास तिथंच विरला. म्हाताऱ्या खेळाडूंची दारं ठोठावणं हा सरळ रस्ता होता, तो कुणी धरला नाही. जेफची बायको लॉरेन आणि मुलगी डॉन मात्र अभ्यासाची वाट बघत होत्या. निष्कर्ष आले नाहीत म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना कळलं की दाखवण्यासारखं काही नाहीच.

एखादं खातं फायलीवर बसून राहतं, हे आपल्याला नवं नाही. नवं आहे ते चाहत्यांनी केलं.

2014 साली ग्लासगोचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी जपून ठेवलेला ॲस्टलचा मेंदू पुन्हा तपासला. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत जो विकार सापडतो, तोच त्यांना तिथं दिसला. त्याला सीटीई म्हणतात. तो जिवंतपणी खात्रीनं ओळखता येत नाही, मेल्यावर मेंदू उघडल्यावरच कळतो. म्हणजे ॲस्टलच्या घरच्यांनी त्याचा मेंदू अभ्यासाला दिला नसता, तर हे कधीच कुणाला कळलं नसतं.

त्याच वर्षी हॉथॉर्न्सवर सामन्याचं नववं मिनिट लागलं की लोक उभे राहायचे. नऊ हा ॲस्टलच्या जर्सीचा आकडा. खेळ चालू असायचा, कधी आपल्याच संघाचा हल्ला चालू असायचा, तरी माणसं टाळ्या वाजवायची आणि हातात फलक धरायची: जेफला न्याय द्या. मिनिट संपलं की खाली बसायचं. पुढच्या सामन्याला पुन्हा तेच. ॲस्टलला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. उभे राहणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचा जन्मच त्याच्या निवृत्तीनंतरचा. त्यांना त्याचा खेळ आठवत असण्याचं कारण नव्हतं. बापानं, आजोबांनी सांगितलेला राजा त्यांनी स्वतःचा मानला होता आणि त्याच्या बाबतीत झालेली हयगयही स्वतःची मानली होती.

या टाळ्या मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांना पत्ता होता. नुसतं आकाशाकडे बघून वाजवलेल्या त्या टाळ्या नव्हत्या. फुटबॉल असोसिएशनचं दार वाजत होतं. दर सामन्याला, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, ठरल्या मिनिटाला. त्या वर्षी असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी ॲस्टल कुटुंबाची माफी मागितली.

11 एप्रिल 2015 रोजी लेस्टरविरुद्ध अल्बियनचा संघ 1968 च्या अंतिम सामन्यातली पांढरी जर्सी आणि लाल मोजे घालून उतरला. छातीवर प्रायोजकाचं नाव नव्हतं. त्याच दिवशी घरच्यांनी जेफ ॲस्टल फाउंडेशन सुरू केलं. अल्बियन हा सामना दोन विरुद्ध तीन गोलांनी हरला. त्या दिवशी त्याचं दुःख किती जणांना झालं असेल कोण जाणे, पण दिवस फुकट गेला असं कुणी म्हणणार नाही.

आता हिशेब बघा. रेटा लागल्यावर त्याच असोसिएशननं आणि त्याच खेळाडू संघटनेनं पैसे घातले, आणि डॉ. स्टुअर्ट यांच्या चमूनं स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी सर्वसामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये निष्कर्ष आला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण या खेळाडूंत साडेतीन पट. पुढच्या तपासात कळलं की बचावपटूंना धोका सर्वांत जास्त, साधारण पाच पट, आणि गोलरक्षकांना इतरांपेक्षा फारसा वेगळा नाही. गोलरक्षक चेंडू हातानं पकडतो, बचावपटू डोक्यानं परतवतो. कुठं बोट जातंय हे सांगायला नको.

याच अभ्यासानं दुसरी बाजूही मांडली आणि ती लपवण्याचं कारण नाही. हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण या खेळाडूंत कमी होतं. सत्तरीपर्यंत ते इतरांपेक्षा कमी मरत होते. फुटबॉल शरीराला चांगलाच आहे. त्यातली एक गोष्ट मेंदूला महाग पडते आणि ती गोष्ट मोजता येते, कमी करता येते.

इथं एक लोकप्रिय समजूत बाजूला करू. लोक म्हणतात, तो जुना चामड्याचा चेंडू होता हो, वरून नाडीनं शिवलेला, पावसात भिजला की दगड. आता चेंडू हलके आहेत, तो प्रश्न संपला. चामडं पाणी प्यायचं आणि जड व्हायचं, हे खरं. पण कोरडा असताना तेव्हाचा चेंडू आजच्याएवढाच, साधारण 410 ते 450 ग्रॅम वजनाचा. आजचा चेंडू भिजत नाही, पण तो सुटतो जास्त वेगानं. आणि जड झालेला चेंडू फार लांब जात नसे, हेही लक्षात घ्या. चेंडू बदलला म्हणून आजचा खेळाडू सुरक्षित झाला, असं सिद्ध झालेलं नाही. तोवर ‘जुन्या काळची गोष्ट’ म्हणून हात झटकणं म्हणजे आजच्या पोरांच्या डोक्यावर जुगार खेळणं.

नियमही हलले. फेब्रुवारी 2020 मध्ये इंग्लंडनं प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडर शिकवणं थांबवलं. 2021 पासून मोठ्यांसाठी सूचना आली: लांबून आलेल्या पासवर, क्रॉसवर, कॉर्नर आणि फ्री किकवर मारायचे जोरकस हेडर सरावात आठवड्याला दहाच. स्कॉटलंडनं 2022 मध्ये व्यावसायिक संघांना सांगितलं की सामन्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर नको. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यांतूनही हेडर टप्प्याटप्प्यानं काढून टाकण्याचं इंग्लंडनं ठरवलं. आजारी माजी खेळाडूंच्या देखभालीसाठी 2023 साली खेळाडू संघटना आणि प्रीमिअर लीग यांनी दहा लाख पौंडांचा निधी सुरू केला. एवढ्या श्रीमंत लीगच्या मानानं ही रक्कम चिल्लर आहे, हे मी स्पष्ट म्हणतो. पण शून्यापासून इथवर यायला एक विधवा, तिच्या मुली आणि दर सामन्याला नवव्या मिनिटाला उभे राहणारे लोक लागले.

एवढ्यात वर्ल्ड कपवाले गेले. 1966 साली इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणाऱ्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्लटन आणि बॉबी चार्लटन या पाच जणांना डिमेन्शिया झाला. अकरांतले पाच. देशाचा सर्वांत अभिमानाचा दिवस ज्यांनी घडवला, त्यातल्या जवळपास निम्म्यांची स्मृती गेली. खिडक्या धुणारा ॲस्टल एकटा होता तेव्हा त्याला अपवाद म्हणता आलं. या पाच जणांनंतर तो शब्द वापरणाऱ्याला लाज वाटायला हवी.

मग आता आपल्याकडे या.

पी. के. बॅनर्जी 20 मार्च 2020 रोजी गेले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या सुवर्णपदकाचे शिल्पकार, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल मारणारे. अखेरच्या काळात त्यांना पार्किन्सन्स आणि डिमेन्शिया होता, असं बातम्यांत छापून आलं. मोहम्मद हबीब, कोलकात्याचे बडे मियाँ, 15 ऑगस्ट 2023 रोजी हैदराबादेत गेले. 1977 साली पेले कॉसमॉस क्लबकडून ईडन गार्डन्सवर खेळायला आला, तेव्हा मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक हबीबचा. त्यांनाही तेच दोन आजार.

त्यांना हे फुटबॉलमुळे झालं, असं मी म्हणत नाही. दोघांच्या बाबतीत तसं सिद्ध झालेलं नाही आणि वय झालं की हे आजार कधी चेंडू न पाहिलेल्यालाही होतात. मला बोचतं ते दुसरंच. त्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो, जुने फोटो एकमेकांना पाठवले आणि पान उलटलं. आमच्या जुन्या खेळाडूंपैकी कितीजण असे विसरत चाललेत, याची यादी कुणाकडे आहे का, हे क्लबला, राज्य संघटनेला, महासंघाला जाऊन विचारावं, असं आपल्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही. हबीब हे डोक्यानं गोल मारण्यात तरबेज होते, असं आपणच कौतुकानं सांगतो. मग पुढचा प्रश्न आपल्यालाच का सुचू नये?

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या होतात. इथं जुन्या खेळाडूचं नाव चौथ्या पिढीलाही पाठ असतं. आपला म्हटल्यावर त्याच्यासाठी भांडायला उतरणारी ही माणसं. तीच गोष्ट मडगाव-म्हापशाची, आणि कूपरेजवर गिरण्या-कंपन्यांचे सामने पाहिलेल्या मुंबईकरांची. या लोकांत प्रेमाची कमतरता कधीच नव्हती. ते प्रेम फ्लेक्सवर आणि पुण्यतिथीच्या स्मृतिचषकावर खर्च होतं. स्मृतिचषक चांगलाच आहे, जरूर भरवा. पण गेलेल्या माणसाच्या नावानं भरवलेल्या स्पर्धेत आठ-नऊ वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करून उंचावरून टाकलेल्या चेंडूला डोकं लावायला सांगत असू, तर त्या नावाचा मान आपण राखला असं मला वाटत नाही.

मला ठाऊक आहे, यावर काय म्हटलं जाईल. हेडर काढलात तर फुटबॉलमध्ये उरलं काय? कॉर्नरवर हवेत झेपावलेला खेळाडू, त्या क्षणी थांबलेला श्वास, हे सगळं पुस्तकात वाचायचं का? मीही त्या क्षणासाठी वेडा आहे. मोठ्यांच्या सामन्यातून तो काढा, असं मी म्हणत नाही, ॲस्टलच्या घरच्यांनीही कधी तसं म्हटलेलं नाही. डॉन ॲस्टल सांगते ते एवढंच की वडिलांना फुटबॉलनं जे जे दिलं, ते ते फुटबॉलनंच काढून घेतलं. तरीही ती फुटबॉलवर प्रेम करते, म्हणून तर भांडते. सामन्यातला हेडर तोच राहू द्या. सरावातले शेकडो हेडर, ज्यांचा गोल होत नाही, ज्यांना कुणी टाळी वाजवत नाही, तेच मोजायचे आणि कमी करायचे आहेत. एका शतकासाठी नेट्समध्ये हजार चेंडू लागतात असा आपला क्रिकेटी विचार इथं चालत नाही, कारण इथं डोकंच बॅट आहे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. जिल्हा असोसिएशननं बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावातला हेडर बंद करावा. त्याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, हा नियम तालमीच्या संघालाही लागू करावा आणि तो ‘बरा आहे मी’ म्हणाला तरी मोडू नये. प्रत्येक क्लबनं आपल्या साठीपुढच्या खेळाडूंची यादी करावी, वर्षातून एकदा त्यांच्या घरी जावं आणि कोण विसरायला लागलंय हे लिहून ठेवावं. महासंघानं या याद्या एकत्र करून डॉक्टरांच्या हाती द्याव्यात. स्कॉटलंडमध्ये उत्तर सापडलं ते नोंदी होत्या म्हणून. आपल्याकडे नोंद नाही, मग आजारही नाही, असं आजवर चालत आलं.

संघटना आपणहून हे करणार नाहीत. इंग्लंडातल्यांनीही केलं नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या लाडक्या खेळाडूसाठी शोकसभा भरेल, तेव्हा दोन मिनिटं जरूर उभे राहा. मग खाली बसू नका. व्यासपीठावर संघटनेचा पदाधिकारी असेलच, त्याला नाव घेऊन विचारा: याची यादी कुठं आहे? पुढच्या सामन्याला पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.